हनीफ मास्तरांच्या हिरड्या

हनीफ मास्तर माझ्या दवाखान्यात आले ते दात दाखवायला नाहीत. खुर्चीत बसले, मांडीवरची काळी पेटी सावरली आणि म्हणाले, "मॅडम, माहा सूर हलून राहिला."

मी म्हटलं, "सुराचा डॉक्टर वेगळा असतो मास्तर. मी हिरड्यांची डॉक्टर."

"मालूम हाये. गळ्याच्या डॉक्टरले दाखवलं, छातीच्याले दाखवलं. सगळं ठीक हाये म्हनतात. पन वरचा सूर धरला का कापते. बाजा बदलून पाह्यला, पत्ती बदलून पाह्यली. आखरी मनात आलं, दातच असन."

मास्तर अकोल्यातल्या एका बँड पार्टीचे क्लॅरिनेटवाले. पार्टीत एकूण सात माणसं, आणि गाण्याची चाल धरणारे मास्तर सर्वांच्या पुढे. वेताची पातळ पत्ती बसवलेलं क्लॅरिनेटचं तोंड वरच्या पुढच्या दोन दातांवर टेकवतात, खालून ओठाचा आधार देतात, हे त्यांनी मला पेटी उघडून दाखवलं. वाजवणाऱ्याला आपला सूर कानांनी कमी आणि दातांतून, डोक्याच्या हाडांतून जास्त ऐकू येतो, हेही त्यांनीच सांगितलं. जठारपेठेत तीस वर्षं मी लोकांचे दात आणि त्यांना धरून ठेवणारं हाड पाहत आले. त्या हाडातून कोणी गाणं ऐकत असेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

मी त्यांचा वरचा ओठ उचलला. हिरडी जांभळट लाल, फुगलेली. जरा दाबलं तर कडेने पू आला. आरशाच्या दांड्याने ढकलले तर पुढचे दोन्ही दात मागे-पुढे झाले. हिरडी आणि दात यांच्यामध्ये एक बारीक खाच असते. निरोगी माणसाची खाच दोन-तीन मिलिमीटर खोल. मास्तरांच्या खाचेत माझी मोजपट्टीची सळई आठापर्यंत आत गेली. एक्स-रे काढला. मुळाभोवतीचं हाड निम्मं झिजलं होतं.

"दुखत नव्हतं?" मी विचारलं.

"नाई. दुखलं असतं तं आलो असतो न!"

हिरड्यांच्या आजाराचा हाच लबाडपणा आहे. किडलेला दात रात्रभर जागवतो, शेजाऱ्यांनाही कळतं. हिरडी बिचारी ब्रश करताना थोडं रक्त देऊन सांगते, आणि लोक ब्रश करणंच सोडून देतात.

मास्तरांनी एकच प्रश्न विचारला. "जातील काय?"

"काही केलं नाही तर जातील. केलं तर राहतील असा शब्द मात्र देता येत नाही."

त्यांनी पेटीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "माह्या अब्बाचे दात पडले तवा त्यायनं बाजा मले देऊन टाकला. मंग मरेपर्यंत झांज घेऊन पार्टीच्या मांगं चालले. कोनी काई बोललं नाई त्यायले. पन मी पुढं चालत होतो न, मले पाठीवर समजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, मले मांगं नाई चालाचं."

दिवाळी अंकासाठी लिहायला सांगताना संपादकांनी 'दातांवर काहीतरी हलकंफुलकं' अशी फर्माईश केली होती. मी प्रयत्न करीन. पण त्या दिवशी मास्तरांच्या त्या वाक्यानंतर मला हलकंफुलकं काही सुचलं नव्हतं, आणि मी एक चूक केली. चौथ्या दिवशी त्यांना दर्यापूरला लग्नात वाजवायचं होतं. खरं तर आधी हिरडीखालची सफाई करायची आणि मगच, लागल्या तर, गोळ्या द्यायच्या. पण सफाईनंतर चार-पाच दिवस तोंड हुळहुळतं, त्यात त्यांना वाजवता आलं नसतं. मी आठवडाभराच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या आणि म्हटलं, "लग्न आटपून या. मग सफाई करू."

ही चूक का, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

नागपूरला शिकत असताना सरांनी एकदा आम्हा सगळ्यांना स्वतःच्याच दाताच्या कडेचं किटण खरवडून काचेवर घ्यायला लावलं. मी सकाळी घासून-पुसून गेले होते, त्यामुळे निर्धास्त होते. पाण्याचा थेंब टाकला, काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली, डोळा लावला आणि तशीच खिळून राहिले. त्या थेंबात गाव होतं. गोल ठिपके घोळक्याने बसलेले, काड्या इकडून तिकडे धावणाऱ्या, आणि मळसूत्रासारखे पीळ असलेले बारीक धागे वळवळत सगळ्यांच्या मधून वाट काढत चाललेले. मी डोळा काढला, पुन्हा लावला. ते होतेच. घाण वाटायला हवी होती, मैत्रिणीला वाटली, ती दुपारी जेवली नाही. मला फक्त नवल वाटलं. मी बोलते, हसते, अभ्यास करते आणि माझ्याच तोंडात एवढी लोकवस्ती आपापल्या कामात गर्क आहे, मला कोणी विचारतसुद्धा नाही. ते नवल अजून ओसरलेलं नाही. दवाखाना थाटला तेव्हा खुर्चीनंतर मी घेतलेली पहिली वस्तू म्हणजे सूक्ष्मदर्शक.

त्याचा फायदा असा झाला की 'नीट घासा' असं सांगून घसा कोरडा करण्याऐवजी मी लोकांना त्यांचा थेंब दाखवू लागले. बडनेऱ्याचे एक निवृत्त रेल्वे गार्ड तर या नादालाच लागले. दर वेळी खुर्चीत बसण्याआधी विचारायचे, "आधी गर्दी दाखवा न बाई." सफाई झाल्यावर महिन्याभराने आले तेव्हा थेंबात जेमतेम चार-दोन गोल ठिपके निवांत बसले होते. पीळवाले सगळे गायब. गार्डसाहेबांनी बराच वेळ पाहिलं आणि खिन्न होऊन म्हणाले, "सामसूमच झालं पार." मी त्यांना पेढा द्यायच्या बेतात होते.

तर मुद्दा असा, की हे जंतू सुटे राहत नाहीत. दाताला चिकटून ते एक थर करतात. माठ आठ-दहा दिवस घासला नाही तर आतून बुळबुळीत लागतो, तसाच तो थर. माठात कितीही औषध टाका, हाताने घासल्याशिवाय तो बुळबुळीतपणा जात नाही. गोळीचंही तसंच. रक्तातून ती हिरडीपर्यंत येते, पण थराच्या आत धड शिरत नाही. आधी अवजारांनी मुळावरचा थर खरवडायचा, वस्ती मोडायची, आणि उरल्यासुरल्यांसाठी गरज असेल तरच औषध. ते गोळीतून देता येतं किंवा थेट खोल खाचेत ठेवता येतं. खाचेत ठेवायची जंतुनाशकाची चकती मिळते, नखाच्या टोकाएवढी. ती आतल्या आत विरघळत आठवडाभर औषध सोडत राहते. पहिल्यांदा ती ठेवली तेव्हा मला वाटलं होतं, आता माझ्या हातात जादू आली. दुसऱ्या दिवशी त्या बाई परत आल्या. "डॉक्टरबाई, तुमी साफ केलं तरी अंदर काईतरी अटकलं होतं. मी सेफ्टीपिननं काढून टाकलं पाहा." आणि पदराच्या टोकाला बांधून आणलेली चकती त्यांनी माझ्या तळहातावर ठेवली. तेव्हापासून चकती ठेवली की मी आधी पेशंटच्या पिना मागून घेते.

तर मास्तरांना मी वस्ती न मोडताच गोळ्या दिल्या होत्या. आठव्या दिवशी ते आले. हिरडी होती तशीच. दात उलट जास्त हलत होते.

"गोळ्या संपल्या?"

"संपल्या न. त्याच दिवशी संपल्या."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "आठवड्याच्या गोळ्या एका दिवसात खाल्ल्या तुम्ही?"

"मी एकट्यानं काहून खाईन?" मास्तरांना माझा प्रश्नच अपमानाचा वाटला. "सात जन हावो आमी. त्यायच्याबी हिरड्यातून रक्त येते. आमच्या पार्टीत मास्तरच्या ताटात जे पडते ते वाटल्या जाते. लाडू असो का काई असो. माह्या अब्बाच्या आधीपासून हाये हे. तीन-तीन गोळ्या आल्या एकाले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वऱ्हाडी माणूस नुसता बोलला तरी पुणेकरांना वाटतं भांडण झालं, पण त्या दिवशी अकोलेकरांनाही तसंच वाटलं असेल. बाहेर बसलेले दोन पेशंट उठून गेले. औषध म्हणजे लाडू आहे का, कोणाला ते चालत नसेल तर जीवावर बेतेल, असं मी ओरडले. त्यावर मास्तर हळूच म्हणाले, "ढोलवाल्याच्या अंगावर गांधी उठल्या होत्या. दोन दिवसांनं बसल्या."

माझा राग तिथेच उतरला, कारण तो आता माझ्याकडेच वळला होता. चिठ्ठी माझी. घाई माझी. 'का' ते सांगितलं नव्हतं तेही मीच. लाडू वाटणाऱ्या माणसाला गोळी वाटू नये हे आपोआप कळावं, अशी माझी अपेक्षा होती. असं 'आपोआप' मी किती जणांच्या माथी मारलं असेल! दोन कॅप्सूल घेऊन दुखणं थांबलं की पाकीट कपाटात ठेवणारे, तेच पाकीट पुढच्या वेळी वहिनीला देणारे, असे कितीतरी. त्यांना मी हसत आले होते.

मी म्हटलं, "उद्या सगळे या. सातही जण."

आले. चार माणसं मावतील एवढ्या माझ्या खोलीत सात जण भिंतीला पाठ लावून उभे राहिले, नमाज आटपून आलेले, अत्तराचा वास घेऊन. आधी ढोलवाल्याचं अंग तपासलं आणि त्याच्या हातात चिठ्ठी दिली, की हे औषध याला कधीही द्यायचं नाही. मग मास्तरांच्या दाताकडेचं किटण काचेवर घेतलं. पहिला डोळा मास्तरांनी लावला. 

"या अल्ला," ते पुटपुटले. "हे जिंदा हाये?"

"जिवंत आहेत. तुमच्याच तोंडातले."

एकेक जण पुढे आला. कोणी पाहिल्यावर तोंड घट्ट मिटून घेतलं, कोणी परत रांगेत जाऊन उभा राहिला. ट्रम्पेटवाला म्हणाला, "हे तं वरात चालली जशी." आणि मग खोलीत कोणीच बोलेना. वरातीत कान किटवणारी ही माणसं इतकी गप्प होऊ शकतात हे मला ठाऊक नव्हतं. मीही डोळा लावला. कितव्या वेळी पाहत होते कोणास ठाऊक, पण सात जणांच्या डोळ्यांनी ते मला पुन्हा पहिल्यासारखं दिसलं.

मग मी सांगू लागले. तीन गोळ्यांनी यातले कच्चे मरतात. पक्के राहतात आणि त्या औषधाला सरावतात. त्यांची पिलावळही सरावलेलीच निघते. पुढे खरंच गरज पडेल तेव्हा तेच औषध त्यांच्यावर चालत नाही. एवढं सांगते तोवर ढोलवाला, ज्याची चार एकर कपाशी आहे, एकदम बोलला, "बोंडअळी!"

"काय?"

"बोंडअळीचंच हाये न हे, मॅडम. अर्धी फवारनी केली का कवळी अळी मरते अन् राह्यलेली अशी पक्की होते का मंग काईच लागू पडत नाई. गावात एकानं कच्ची फवारनी केली तं सगळ्याच्या शेतात तरास." तो मास्तरांकडे वळला. "मास्तर, आपुन सातही जनायनं कच्ची फवारनी केली."

तीस वर्षांत मी हे जेव्हा केव्हा समजावलं, तेव्हा इतकं चोख मला कधी जमलं नाही.

मग उपचार रीतीने केला. चार बैठकांत, एकेक बाजू बधिर करून, मुळावरचा थर खरवडून काढला. तो अवजाराखाली खरखर वाजतो आणि मूळ स्वच्छ झालं की आवाज गुळगुळीत होतो. मास्तर डोळे मिटून ते ऐकायचे आणि मी थांबण्याआधीच बोटाने खूण करायचे, की अजून थोडं राहिलंय. बहुतेक वेळा त्यांचंच बरोबर असायचं. पुढचे दोन दात शेजारच्या दातांना मागून बारीक तारेने बांधले. सगळ्यात खोल दोन खाचांत चकत्या ठेवल्या. सेफ्टीपिनचा किस्सा ऐकून मास्तरांनी आपणहून अचकनीची टाचणी काढून माझ्या ट्रेमध्ये ठेवली. आठवडाभराच्या गोळ्या या वेळी सफाईनंतर दिल्या आणि त्या ढोलवाल्याच्या ताब्यात गेल्या. तो त्या खाऊ शकत नव्हता, म्हणून पार्टीच्या मते तोच त्यासाठी सर्वांत लायक माणूस होता. बाळापूर रोडला ऐन वरातीत त्याने ढोल थांबवून मास्तरांना गोळी गिळायला लावली, आणि नवरदेव घोड्यावर तसाच ताटकळला, असं मला पुढे कळलं.

वाजवायचं मात्र नव्हतं. दोन महिने बाजा पेटीत. लगीनसराई भरात होती. चाल ट्रम्पेटवाल्याने धरली. मास्तर गणवेश घालून सर्वांच्या पुढे चालायचे, रिकाम्या हातांनी ताल देत. एकदा संध्याकाळी मी दवाखान्यातून घरी निघाले होते, समोरून त्यांची वरात आली. त्यांनी मला पाहिलं आणि दोन्ही मोकळे हात जरा वर करून दाखवले. त्यांनी गमतीने केलं असेल, पण मला त्या रात्री जेवण गेलं नाही. दात राहिले नाहीत तर काय, हे मी त्यांच्याइतकंच रोज मनात घोळवत होते. गेलेलं हाड परत आणण्याचं औषध माझ्याकडे नव्हतं. जंतूंना हटवून जागा मोकळी करून द्यायची, एवढंच माझ्या हातात. उरलेल्या हाडाने दाताला धरून ठेवायचं की नाही, ते हाडाचं काम.

तिसऱ्या आठवड्यापासून हिरडीचा रंग बदलू लागला. जांभळी लाल झाली, लालची गुलाबी. सूज ओसरून ती दाताला बिलगली. मी सळई घालायला गेले तर आठावर जाणारी सळई चारावर अडली. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी माझा हात क्षणभर थांबतो. कोणी त्या पेशींना सांगितलं की शत्रू गेला, आता या? मी पुस्तकातलं उत्तर तोंडपाठ सांगू शकते. ते सांगूनही नवल तसूभर कमी होत नाही.

दोन महिने झाल्यावर मी तार सोडली. सातही जण आले होते, सहा जण दारात दाटीवाटीने उभे. मास्तरांनी पेटी उघडली, पत्ती ओली केली, नळी जोडली.  मी म्हटलं, "मी वरच्या ओठावर, दाताच्या मुळाशी बोट ठेवते. दात हलला तर मला लगेच कळेल, मग थांबायचं. आधी खालचा सूर घ्या."

त्यांनी खालचा सूर घेतला. दात शांत.

"आता वरचा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग डोळे मिटले आणि वरचा सूर धरला. बोटाखाली दात तसूभरही जागचा हलला नाही. आणि तरी माझं बोट थरारत होतं. सूर त्या दातातून, निम्म्याच उरलेल्या त्या हाडातून माझ्या बोटात उतरत होता, मनगटापर्यंत येत होता. ज्या हाडाला मी जन्मभर एक्स-रेवरची पांढरट सावली म्हणून ओळखत आले, ते गात होतं. माझे डोळे भरून आले आणि मी बोट काढायचंच विसरले.

सूर संपला. मास्तरांनी बाजा ओठांपासून जरासा दूर केला. "मॅडम, हलला काय?"

 मी मानेनेच नाही म्हटलं.

"मंग बोट काढा न," मास्तर म्हणाले. "मले पुढचं वाजवाचं हाये."